परदेशातील तीर्थयात्रा आणि मोबाईल डेटा

नाशिकहून रोम, लूर्ड्स व फातिमा येथे जाणाऱ्या भाविकांनी रोमिंग पॅक घेताना मार्गातील प्रत्येक देश त्याच्या यादीत आहे का, हे पाहावे. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून रोमिंगचे अतिरिक्त शुल्क रद्द झाले. त्यामुळे इटलीत घेतलेले सिमकार्ड सामान्यतः फ्रान्स व पोर्तुगालमध्येही चालते. स्वित्झर्लंड मात्र या संघात नाही.

स्थानिक सिम घेतले तरी भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेवावे. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. त्याचे डेटा रोमिंग मात्र बंद असावे, अन्यथा पोस्टपेड ग्राहकास मोठे बिल येऊ शकते. वयोवृद्ध यात्रेकरूंना ही व्यवस्था घरच्यांनी निघण्यापूर्वीच करून द्यावी.