दहा डेसिबल म्हणजे थोडे नव्हे

पाऊस ओसरला की रत्नागिरीच्या हापूस बागांत बेणणी सुरू होते आणि ग्रासकटरचा आवाज वाडीभर घुमतो. एका यंत्राचा आवाज ९० डेसिबल, दुसऱ्याचा १०० असे ऐकले की फरक किरकोळ वाटतो. डेसिबल (आवाजाची पातळी सांगणारे एकक) तसे चालत नाही. चेकवरच्या रकमेपुढे एक शून्य वाढावे, तशी दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दसपट होते. कानाला मात्र आवाज साधारण दुप्पटच वाटतो. फसगत होते ती इथेच. उलट, ९० डेसिबलची दोन यंत्रे शेजारी चालली तर १८० नव्हे, ९३ डेसिबल होतात.

कानांच्या सुरक्षिततेचा एक प्रचलित हिशेब असा: ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटे, आणि बागेतला गडी तर दिवसभर राबतो!

सायलेन्सर (इंजिनाच्या धुराचा आवाज दाबणारा डबा) फुटका असेल तर आधी तो बदलावा. बॅटरीचे यंत्र इंजिनाचा आवाज टाळते, पात्याचा नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबल घटतात. शेजाऱ्याला ते पुरेल, यंत्र खांद्यावर घेणाऱ्याला नाही. कापसाच्या बोळ्याने भागत नाही. गड्याला इअरमफ (कान झाकणारे कवच) घेऊन द्या.