ताटाची डावी बाजू

जेवणाचे ताट डोळ्यांसमोर आणा. मधोमध ज्वारीची भाकरी, उजवीकडे भाजी आणि वाटीत आमटी. डावीकडे शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची फोड, तळलेली सांडगी मिरची, पापड आणि चिमूटभर मीठ. रक्तदाबाच्या रुग्णाला "रोज काय जेवता?" असे विचारले, की उत्तर मिळते ते भाकरीचे आणि उजव्या बाजूचे. "साधंच जेवण हाय डॉक्टर. भाजी, भाकरी, वरण." त्यात खोटे काही नसते. आपल्या भागात भाकरीच्या पिठात मीठ घालत नाहीत. पीठ आणि गरम पाणी, एवढ्यावरच ती होते. पाव, खारी, बिस्किटे यांच्या तुलनेत ही मोठीच जमेची बाजू. मात्र भाकरी अळणी म्हणूनच तिच्यासोबत काहीतरी झणझणीत, खारट लागते. मीठ येते ते ताटाच्या डाव्या बाजूने, आणि त्या बाजूचा हिशेब घरात कोणीच ठेवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी घातलेली मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात आमटीपासून फरसाणापर्यंत सगळे आले. ग्रॅम मोजत स्वयंपाक कोणी करत नाही, म्हणून मी घरच्या मंडळींना एक सोपी युक्ती सांगतो. मिठाची एक किलोची पिशवी फोडाल, त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात ती 50 दिवस पुरायला हवी. महिन्यातच संपली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला 8 ग्रॅमहून अधिक मीठ आले. बाहेरून आणलेले शेव, चिवडा, खारे शेंगदाणे यांची मोजणी तर अजून झालेलीच नाही. या तारखेवरून सासू-सुनांमध्ये जी चर्चा होते, ती माझ्या उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

मीठ आणि रक्तदाब यांचा संबंध नळदुर्गच्या माणसाला समजावून सांगणे मला सोपे जाते. किल्ल्यात बोरी नदीचे पाणी अडवणारा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणी महाल आपण पाहिला असेल. पावसाळ्यात पाणी चढले, की ते नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून खाली कोसळते. शरीराचे दोन सांडवे म्हणजे दोन मूत्रपिंडे. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, आणि जास्तीचे मीठ-पाणी बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांकडे असते. वय वाढते तशी त्यांची ही क्षमता उतरते, रक्तवाहिन्यांच्या भिंतीही ताठर होतात. म्हणूनच तरुणपणी सहज निभावलेले तेवढेच मीठ सत्तरीत दाब वाढवते. "आम्ही जन्मभर असंच खाल्लं" हे म्हणणे खरे असले, तरी आज उपयोगाचे नाही.

"मग सैंधव वापरू का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. सैंधव काय, काळे मीठ काय, मुख्यतः सोडियम क्लोराइडच. शिवाय आयोडीनयुक्त मिठातले आयोडीन त्यात नसते. पापडखार, खाण्याचा सोडा, पोटातल्या गॅससाठी पाण्यात घालून घ्यायची फसफसणारी पावडर यांतही सोडियम असते, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. थोडे सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घातलेले मीठही बाजारात मिळते. पूर्वी पक्षाघात झालेल्या किंवा साठी ओलांडलेल्या, रक्तदाब वाढलेल्या सुमारे 21 हजार लोकांवर चीनमधील 600 खेड्यांत असा प्रयोग झाला. 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आढळले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, तसेच टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे घेणाऱ्यांना हे मीठ धोक्याचे ठरू शकते. रक्तातले पोटॅशियम वाढले, तर हृदयाची लय बिघडते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

घरी स्वयंपाक करणाऱ्यांना माझी विनंती अशी, की एका माणसासाठी वेगळे अळणी शिजवू नका. वेगळ्या वाटीतली अळणी भाजी शिक्षेसारखी वाटते, आणि आबा मग गुपचूप लोणच्याच्या बरणीकडे वळतात. त्यापेक्षा साऱ्या घराचे मीठ थोडे थोडे उतरवत न्या; काही आठवड्यांत जिभेला सवय होते. लिंबू, चिंच, लसूण, जिरे, कोथिंबीर यांनी उणीव बरीच भरून निघते. जवसाच्या किंवा कारळ्याच्या चटणीत लसूण वाढवून मीठ निम्मे करून पाहा. ताक बिनमिठाचे, जिरेपूड घातलेले असू द्या. डाव्या बाजूला लोणचे-पापडाच्या जागी कांदा, काकडी, कोवळी मेथी येऊ द्या. भाज्या, फळे, कडधान्ये आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर देणाऱ्या आहाराने रक्तदाब उतरतो, हे अमेरिकेतील 1997 च्या 'डॅश' अभ्यासाने दाखवले. आपले पालेभाजी, वरण आणि भाकरी त्यापासून फार दूर नाहीत. नवरात्राच्या उपवासात मात्र वेफर्स आणि बटाट्याचा चिवडा यांतून मीठ हटकून वाढते, आणि "उपवासाला गोळी चालत नाही" म्हणून नेमकी तेव्हाच गोळीही सुटते. पाण्यासोबत घेतलेल्या गोळीने उपवास मोडला, असे देवीने कोणाला सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

पुढची हकिकत सांगताना मला संकोच वाटतो. माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या एका आजींचा रक्तदाब मे महिन्यात 124/76 भरला. "आता नॉर्मल आलंय, गोळी बंद करू का?" असे त्यांनी विचारले. मी "चालू ठेवा" एवढेच म्हणालो. बाहेर रांग होती; कारण सांगायला मी थांबलो नाही. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे मीठ-पाणी जाते आणि दाब उतरतो. थंडीत वाहिन्या आकसतात आणि तो चढतो. मे महिन्यातला तो आकडा गोळी आणि ऊन या दोहोंचा मिळून होता. आजींनी गोळ्या थांबवल्या. त्रास काहीच झाला नाही, कारण उच्च रक्तदाबाला बहुधा लक्षण नसतेच. डिसेंबरातल्या एका पहाटे त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. वाचा थोडीफार परतली, हात परतला नाही. आज त्यांची सून त्यांना भरवते. तेव्हापासून मी कोणाला नुसते 'नॉर्मल' म्हणत नाही, 'गोळीमुळे नॉर्मल' म्हणतो. उन्हाळ्यात उभे राहताना चक्कर येत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जा. मात्रा कमी करावी लागू शकते. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजत असतील, तर औषध बदलता येते. आपणहून बंद करणे तेवढे टाळा.

गोळीचे एवढे सांगण्याचे कारण, सवयींचा लाभ खरा असला तरी त्याला मर्यादा आहे. मीठ नेटाने कमी केल्यास वरचा आकडा साधारण पाचने उतरतो. वजन एक किलोने घटले, की आणखी सुमारे एकाने. नियमित चालण्यानेही थोडा उतरतो. ज्यांचा दाब 170 आहे, त्यांना एवढे पुरत नाही. चालण्याबाबत एकच सांगतो: कोजागरीला तुळजापूरपर्यंत पायी जाणारे आणि उरलेले वर्ष ओट्यावर बसणारे पुष्कळ आहेत. आठवड्यातले पाच दिवस, अर्धा अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चाला. थंडीत उजाडल्यावर बाहेर पडा. तंबाखू आणि मिसरी यांबद्दल वेगळे काय सांगावे? दोन्ही सोडाच.

गुडघेदुखीच्या गोळ्यांचा उल्लेख राहून जाता कामा नये. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके शरीरात मीठ-पाणी अडवतात, दाब वाढवतात आणि मूत्रपिंडांना इजा करतात. औषधांचा दाब पडत नाही अशी तक्रार असलेल्या ज्येष्ठांची पिशवी उलटी केली, की या गोळ्यांची पट्टी पुष्कळदा निघते. मुळ्यांचेही तसेच. सर्पगंधेचा गुण जगापुढे आणण्यात मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा मोठा वाटा होता. 1949 मध्ये त्यांचा शोधनिबंध ब्रिटनमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात आला आणि 1957 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पण त्याच मुळीतल्या रेसरपीनने काहींच्या मनावर गाढ औदासीन्य येते, हेही पुढे दिसून आले. तिचे चूर्ण स्वतःच्या मनाने घेऊ नका.

घरी दाब मोजत असाल, तर यंत्र दंडाला बांधायचे घ्या, मनगटाचे नको. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसा. हात हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवा. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. घरी सरासरी 135/85 किंवा त्याहून अधिक येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ज्येष्ठांचा दाब उभे राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक उतरला, तर पडण्याचा धोका आहे, हे डॉक्टरांना सांगा.

एखादे दिवशी तोंड वाकडे झाले, हात किंवा पाय अचानक लुळा पडला, बोलणे अडखळले, तर दाब मोजत बसू नका, जिभेखाली गोळी ठेवू नका, पाणीही पाजू नका. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायला सांगा. आपल्याकडून सोलापूर साधारण तासाभराचे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून घ्या. रुग्णालयात पोहोचताच सर्वांत आधी तीच सांगा.