घरातील बिनतारी जाळे : खंड का पडतो आणि उपाय कोणता?

सुरतेच्या व्यापाराची उभारणी दोन गोष्टींवर झाली : एक पत आणि दुसरी वेळेवर पोहोचलेला निरोप. सतराव्या शतकातील येथील प्रख्यात जैन व्यापारी वीरजी व्होरा यांचे व्यवहार आग्रा-बुऱ्हाणपूरपासून तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरापर्यंत पसरलेले होते. त्या काळी हुंडी आणि कासिदाचे पत्र हीच साधने. आज ई-वे बिल असो, आडत्याचा हिशेब असो वा परदेशी गेलेल्या मुलाची खुशाली असो, सारे घरातील एका लहानशा पेटीतून, अर्थात राउटरमधून, ये-जा करते. ही ये-जा मध्येच खंडित झाली म्हणजे किती मनस्ताप होतो, हे आमच्या व्यापारी बंधुभगिनींस सांगावयास नको.

प्रस्तुत लेखकाचाच अनुभव सांगतो. गोपीपुऱ्यातील आमचे घर जुन्या बांधणीचे. रुंदी थोडी, लांबी पुष्कळ, मजले तीन आणि भिंती जाड. चिरंजीव हिऱ्यांच्या व्यवसायानिमित्त अँटवर्पला असतात. तेथे दुपार असते तेव्हा येथे सूर्यास्त जवळ आलेला असतो. त्या वेळी ते आपल्या आजीशी बोलत आणि नेमके तेव्हाच संभाषण तुटे. चार-सहा वेळा असे घडल्यावर मातोश्रींचा समज झाला की, नातवाला आता आपल्याशी बोलण्यास सवड उरली नाही. आम्ही मात्र जोडणी देणाऱ्या कंपनीस दोष देत राहिलो.

शेवटी व्यापाऱ्याच्या सवयीप्रमाणे एक वही घातली. खंड किती वाजता पडला, कोणत्या खोलीत, कोणत्या यंत्रावर, आणि त्या वेळी पेटीवरील कोणते दिवे लागले होते, याची पंधरा दिवस नोंद ठेवली. रोजमेळ लिहिल्यावाचून तूट कोठे आहे ते कळत नाही, हा न्याय येथेही लागू पडला.

पहिला प्रश्न असा की, दोष बाहेरून येणाऱ्या तारेत आहे की घरातील बिनतारी लहरींत? खंड पडताच राउटरला तारेने जोडलेला संगणक पाहावा. तोही बंद पडला व प्रकाशतंतूच्या पेटीवरील ‘एल.ओ.एस.’ हा तांबडा दिवा लागला, तर दोष बहुधा बाहेरचा, तक्रार करावी. तो सुरळीत चालत असेल तर दोष घरातच शोधावा. आमचा संगणक सुरळीत चालला होता!

दुसरा प्रश्न जागेचा. 1895 साली जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात बिनतारी लहरींच्या योगे भिंतीपलीकडील घंटा वाजवून दाखविली. लहरी भिंत ओलांडतात हे खरे, परंतु प्रत्येक भिंत आपली जकात वसूल करते. आणि लोखंड तर वाटच अडविते. आमचा राउटर तळमजल्यावर लोखंडी कपाटाच्या मागे ठेवलेला होता! तो मधल्या मजल्यावर, उंच व मोकळ्या जागी आणल्यावर निम्मी तक्रार मिटली.

तिसरा प्रश्न गर्दीचा. 2005 साली सरकारने 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्तीची यंत्रे परवान्यातून मुक्त केली. त्यामुळे शेजारीपाजारीही त्याच पट्ट्यात बोलत असतात. या पट्ट्यातील 1, 6 आणि 11 ही तीन दालने एकमेकांवर चढत नाहीत. राउटरमध्ये त्यांपैकी कमी गर्दीचे निवडावे. अन्न गरम करणारी मायक्रोवेव्ह भट्टीही सुमारे 2.45 गिगाहर्ट्झवरच चालते. आमच्या वहीतील सायंकाळच्या खंडांचे मूळ येथेच सापडले. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपण्याची घाई, तेव्हाच भट्टी सुरू, आणि तेव्हाच अँटवर्पचा संवाद! मातोश्रींचे यंत्र 5 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर घेताच तो थांबला. हा पट्टा वेगवान, मात्र भिंतींपुढे लवकर थकतो; म्हणून राउटर जवळ असावा. दूरच्या मजल्यासाठी तार ओढून दुसरी पेटी बसविणे उत्तम. लहरी झेलून पुढे धाडणाऱ्या साध्या यंत्राने वेग बराच घटतो.

याखेरीज सैल झालेली पिन, तापणारा अडॅप्टर आणि वीज क्षणभर गेल्याने पुन्हा सुरू होणारा राउटर, हीही कारणे तपासावीत. एका वेळी एकच बदल करावा व दोन दिवस वही पाहावी. सर्व बदल एकदम केल्यास कोणत्या उपायाने गुण आला ते समजत नाही.

एक सावधगिरीची सूचना. यूपीआयने रक्कम पाठविताना खंड पडला तर लगेच पुन्हा पाठवू नये. आधी व्यवहाराची स्थिती व बँकेचे खाते पाहावे. अन्यथा एकाच देण्याचे दोनदा चुकते होते.

आता सायंकाळी मातोश्रींचे बोलणे अखंड चालते. नातू उठून जात नव्हता, हे त्यांना कळले. आणि ज्या कंपनीशी आम्ही भांडलो तिच्या माणसाची क्षमा मागण्याचे आमचे कर्तव्यही आम्ही पार पाडले. दुसऱ्याच्या नावे तूट मांडण्यापूर्वी आपली वही तपासावी, हा व्यापाऱ्याचा जुना धडा या नव्या यंत्राने आम्हांस पुन्हा शिकविला.