चाळिसावा भाग आणि आजाऱ्याचे अंथरूण

दानाचा हिशेब कोरून ठेवण्याची चाल आमच्या जुन्नर प्रांती फार जुनी आहे. नाणेघाटात नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. त्यात कोणत्या यज्ञास किती गाई व किती कार्षापण दक्षिणा दिली याची यादच आहे. गावाभोवतालच्या लेण्यांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याची व टाक्याची नोंद आहे. दान मोजून द्यावे, हा धडा त्या लेखांतून मिळतो. त्याचे आजचे उदाहरण मात्र आम्हांस एका मुसलमान विद्यार्थ्याच्या वहीत सापडले.

हा गृहस्थ हल्ली जुन्नरच्या पेठेत दुकान चालवितो. रमजानात तो जकात काढतो आणि हिशेब आमच्या नजरेखालून जावा म्हणून वही घेऊन येतो. जकात म्हटली की आपणांस नाक्यावरची जकात आठवते. ती महाराष्ट्रात २०१७ साली उरलीसुरलीही बंद झाली. ही जकात निराळी. ज्याच्यापाशी साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तितक्या किमतीची शिल्लक, एक चांद्रवर्ष राहिली, त्याने त्याचा चाळिसावा भाग द्यावयाचा. म्हणजे चार लाखांस दहा हजार. घेणाऱ्यांचे आठ वर्ग कुराणाच्या नवव्या सूरेत सांगितले आहेत. त्यांत निर्धन, गरजू आणि कर्जात बुडालेला हे येतात. देणाऱ्याने हा उपकार समजावयाचा नाही. तो घेणाऱ्याचा हक्क आहे.

यंदा वही मिटून तो म्हणाला, "गुरुजी, हिशेब बरोबर आहे, पण मन लागत नाही." त्याच्या शेजारी घोडेगाव-मंचरच्या बाजारांत बांगड्या विकणारा एक मण्यार राहतो. त्याची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा रक्तशुद्धीसाठी पुण्यास जावे लागते. सरकारी योजनेतून उपचार होतो. पण सुमारे ९० किलोमीटरचा प्रवास, योजनेबाहेरची औषधे आणि बुडालेला बाजार यांचे पैसे कोण देणार? रमजानात दारोदारच्या जकातीतून त्याच्या हाती थोडके आले व महिन्यात संपले. पुढे बायकोचे दागिने गहाण पडले. दुखणे काही चंद्र पाहून येत नाही!

आम्ही म्हटले, "मग वर्षभर थोडे थोडे का देत नाहीस?" त्याने मौलवींस विचारले. उत्तर असे आले की, पुढील वर्षाची जकात आगाऊ व हप्त्यांनी दिली तर चालते. मात्र हनफी मताप्रमाणे पैसा गरजूच्या मालकीचा झाला पाहिजे. म्हणून जकातीतून इस्पितळाची इमारत बांधता येत नाही. बिल परस्पर भरावयाचे तर रोग्याने तशी मुखत्यारी द्यावी. रोग्याच्या हाती दिलेला पैसा त्याचाच झाला. त्याने तो बसभाड्यास लावावा की औषधास, हे त्याने पाहावे.

ही वाट नवी नाही. लाहोरास १९९४ साली उघडलेल्या शौकत खानम कर्करोग रुग्णालयात गरीब रोग्यांच्या उपचारास जकात वापरतात. मलेशियातील जकात मंडळे रक्तशुद्धीस साह्य करतात. आमच्याकडे सात-आठ घरांनी मिळून एक वही ठेवली तरी पुरे.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या. पहिली, कायद्याने जे फुकट मिळते त्यावर जकात खर्चू नये. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांस मोफत व १० टक्के दुर्बलांस सवलतीने द्यावयाच्या असतात. त्यासाठी शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे लागतात. ती जमवून देणे हेही दानच. दुसरी, जकात मुसलमान गरजूंसच द्यावी असे बहुतेक शास्त्रकारांचे मत आहे; ऐच्छिक सदका मात्र कोणासही देता येतो. तेव्हा वह्या दोन ठेवाव्या. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला महादेव कोळी रोगी दारी आला तर त्याला रिकाम्या हाताने परतावे लागू नये.

त्या विद्यार्थ्याने आता महिन्याचा हप्ता बांधला आहे. मण्यार पुण्याच्या फेऱ्या चुकवीत नाही. दागिने अद्याप सुटावयाचे आहेत.

राहता राहिले आम्ही. गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काल व पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे, हे आम्ही पस्तीस वर्षे मुलांस शिकविले. तरी आमच्या घरातून वर्षाकाठी किती गेले व ते कोणास गेले, असे कोणी विचारले असते तर दाखविण्यास वही नव्हती. त्या रात्री आम्ही एक कोरी वही काढली. पहिल्या पानावर शिल्लक मांडली, तिला चाळिसाने भागले, आणि आलेला आकडा पाहून काही वेळ खाली मान घालून बसलो. गेल्या वर्षी आमच्या हातून त्याचा चौथा हिस्साही गेला नव्हता. वाचकांनी आपापल्या घरी हे त्रैराशिक एकदा करून पाहावे.