वाटखर्च आणि म्हातारपण : मालमोटारचालकाच्या भत्त्याचा हिशेब

रायपूर हे मालवाहतुकीचे एक मोठे नाके आहे. मुंबई-कोलकाता हा जुना हमरस्ता याच शहरावरून जातो. सिलतरा व उरला येथील कारखान्यांचे लोखंड, बलौदा बाजारकडील सिमेंट, भिलाईचे पोलाद आणि गिरण्यांमधला तांदूळ हा सर्व माल मालमोटारींतून येथून चारी दिशांना जातो. हा माल वाहून नेणारा चालक महिन्यातील बहुतेक दिवस घराबाहेर काढतो. धाब्यावर जेवतो, गाडीतच झोपतो आणि परतल्यावर मालकाशी हिशेब करतो. त्याच्या कमाईचे साधारणपणे दोन भाग असतात. पहिला भाग पगाराचा आणि दुसरा दर दिवसाच्या किंवा दर फेरीच्या भत्त्याचा. या भत्त्याला कोणी खुराकी म्हणतात, तर कोणी वाटखर्च. चालकाच्या हातात दोन्ही भाग रोख रुपयांच्याच रूपाने पडतात. म्हणून त्यांच्यातील भेद त्याला फारसा जाणवत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र हा भेद फार मोठा आहे, आणि त्याचे परिणाम पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षांनी, गाडी चालवण्याचे बळ संपल्यावर, दिसू लागतात.

या भेदामागील तत्त्व प्रथम समजून घेऊ. वेतन हा श्रमाचा मोबदला होय. वाटखर्च ही खर्चाची भरपाई होय. मालकाच्या कामासाठी नागपूरला गेलेल्या माणसाने तेथे दोन वेळा जेवण केले, तर त्या जेवणाचे पैसे ही त्याची कमाई म्हणता येत नाही. म्हणून अशा रकमेवर प्राप्तिकर आकारू नये, हे न्याय्यच आहे. तथापि याच तर्काची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. जी रक्कम कमाई नाही, ती भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन व उपदान यांच्या हिशेबातही धरली जात नाही.

आता या दोन बाजूंपैकी चालकाच्या वाट्याला काय येते, ते पाहू. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखालील नियमांत वाहतूक व्यवस्थेतील कर्मचाऱ्यासाठी एक खास सवलत होती. प्रवासात स्वतःच्या खर्चासाठी मिळणाऱ्या भत्त्याचा ७० टक्के भाग, दरमहा १०,००० रुपयांच्या मर्यादेपर्यंत, करमुक्त धरला जाई. मात्र त्याला निराळा दैनिक भत्ता मिळत नसावा, अशी अट होती. पुढे आलेल्या नव्या करपद्धतीत ही सवलत ठेवण्यात आली नाही. संसदेने २०२५ मध्ये नवा प्राप्तिकर कायदा संमत केला आणि तो १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरवले. परंतु या तपशिलापेक्षा एक साधी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर प्रत्यक्ष कर द्यावा लागत नाही. वर्षाकाठी दोन-तीन लाख रुपये मिळवणाऱ्या चालकाला कर भरावाच लागत नाही. मग करमुक्त भत्त्याने त्याचे वाचते तरी काय?

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ गणिताच्या सोयीसाठी आहेत. प्रत्यक्षात पगार किमान वेतनाच्या खाली असता कामा नये. समजा, एका चालकाला दरमहा १५,००० रुपये मिळतात. त्यांपैकी ९,००० रुपये पगार म्हणून व ६,००० रुपये भत्ता म्हणून दाखवले आहेत. भविष्य निर्वाह निधीचा सर्वसाधारण दर मालक व कामगार या दोघांसाठी प्रत्येकी १२ टक्के आहे. म्हणजे ९,००० रुपयांवर प्रत्येकाचे १,०८० रुपये होतात. सर्व १५,००० रुपये पगार मानले असते, तर प्रत्येकाचे १,८०० रुपये झाले असते. दोहोंतील फरक ७२० रुपयांचा. भत्त्यामुळे चालकाच्या हाती दरमहा ७२० रुपये अधिक पडतात, हे खरे. पण मालकाचेही तेवढेच ७२० रुपये वाचतात, आणि हे पैसे चालकाला कोणत्याही रूपाने मिळत नाहीत.

निवृत्तिवेतनाचा हिशेब याहून स्पष्ट आहे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि २०१४ पासून शेवटच्या ६० महिन्यांच्या पगाराची सरासरी धरली जाऊ लागली. आपल्या चालकाने चौदा वर्षे सेवा केली व पगार तोच राहिला असे मानले, तर ९,००० रुपयांवर त्याला दरमहा १,८०० रुपये निवृत्तिवेतन मिळेल. १५,००० रुपयांवर हेच ३,००० रुपये झाले असते. उपदानाचेही तसेच. दर वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे कामाचे दिवस २६ धरून मोजले, तर पहिल्या हिशेबाने सुमारे ७२,७०० रुपये होतात आणि दुसऱ्याने सुमारे १,२१,१५० रुपये. कामावर असताना अपघात झाला तरी हाच भेद आड येतो. कारण १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातील वेतनाच्या व्याख्येतून प्रवासभत्ता व कामाच्या स्वरूपामुळे होणाऱ्या खास खर्चाची रक्कम वगळलेली होती.

अमेरिकेतील चालकांपुढेही हाच प्रश्न आहे. तेथे १ ऑक्टोबर २०२४ पासून वाहतूक व्यवसायासाठी देशांतर्गत प्रवासाचा दैनिक भत्ता ८० डॉलर मान्य झाला. या रकमेवर प्राप्तिकर नाही, तसेच सामाजिक सुरक्षेची वर्गणीही नाही. तेथील निवृत्तिवेतन सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांवरून ठरते. त्यामुळे भत्त्याने आज कर वाचला, तरी पुढची रक्कम घटते. मात्र एक फरक आहे. तेथील चालक प्रत्यक्ष कर भरत असल्याने त्याला या सौद्यात काही तरी मिळते. आपल्याकडील चालकाच्या पदरात बहुधा सौद्याची तोट्याची बाजू तेवढी पडते.

याहून बोधप्रद तुलना रायपुरातच करता येते. रायपूर हे रेल्वेचे एक विभागीय ठाणे आहे. नागपूरकडे गाडी नेणाऱ्या इंजिनचालकालाही वेतनाखेरीज धावता भत्ता मिळतो, आणि तो प्रामुख्याने कापलेल्या किलोमीटरांवर मोजला जातो. परंतु रेल्वेने फार पूर्वीपासून असे मान्य केले आहे की, या भत्त्यात खर्चाच्या भरपाईबरोबर श्रमाच्या मोबदल्याचाही अंश आहे. त्यामुळे जुन्या निवृत्तिवेतन पद्धतीत लाभ मोजताना मूळ वेतनात त्याच्या ५५ टक्के इतकी भर घातली जाते. रुळावरून जाणाऱ्या चालकाला जे मिळाले, ते त्याच दिशेने रस्त्यावरून जाणाऱ्या चालकाला मिळाले नाही. दोघांच्या श्रमात त्यासाठी पुरेसा भेद आहे, असे म्हणणे कठीण आहे.

कायद्याने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले आहे, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी असा निर्णय दिला की, जो भत्ता सर्व कामगारांना सरसकट व नेहमीच दिला जातो, तो नाव काहीही असले तरी भविष्य निर्वाह निधीसाठी मूळ वेतनाचाच भाग होय. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या वेतनसंहितेने आणखी एक कसोटी घातली. व्याख्येतून वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरचा भाग वेतनात मिळवावा लागतो. आपल्या उदाहरणात भत्ता ४० टक्केच असल्याने तो या कसोटीतून निसटतो. तोच ९,००० रुपये असता, तर निम्म्यावरील १,५०० रुपये वेतनात धरावे लागले असते.

अर्थात हा सर्व विचार जेथे निधीची वर्गणी भरली जाते अशा आस्थापनांपुरताच आहे. १९५२ च्या कायद्याने त्यासाठी वीस कामगारांची मर्यादा घातली. ज्याच्या दोन-चार गाड्या आहेत अशा मालकाकडील चालकाला पगार काय व भत्ता काय, दोन्ही सारखेच. कारण त्याच्या नावाने काहीच जमा होत नाही. अशांसाठी २०१९ मध्ये श्रमयोगी मानधन योजना निघाली. १८ ते ४० वर्षे वयाच्या व १५,००० रुपयांपर्यंत मासिक उत्पन्न असलेल्या असंघटित कामगाराने ५५ ते २०० रुपये दरमहा भरावे, तेवढेच सरकारने घालावे आणि साठीनंतर ३,००० रुपये निवृत्तिवेतन मिळावे, अशी तिची रचना करण्यात आली.

भत्ता वाईट नाही. वाटेत खर्च झालेला पैसा चालकाला मिळालाच पाहिजे, आणि तो वेतनातून कापला जाता कामा नये. परंतु जो भत्ता खर्चापेक्षा नियमितपणे अधिक असतो, ज्यावर चालकाच्या घरची चूल पेटते, तो नावाने भत्ता असला तरी वस्तुतः वेतनच होय. म्हणून कामावर रुजू होताना एकूण किती मिळणार, एवढेच न विचारता, त्यांपैकी पगार म्हणून किती लिहिले जाणार, हेही चालकाने विचारले पाहिजे. निधीच्या खातेपुस्तकात दरमहा कोणत्या रकमेवर वर्गणी जमा होते, ते पाहिल्यास याचे उत्तर सहज मिळते. आणि ते सेवेच्या अखेरीस पाहण्यापेक्षा आरंभीच पाहणे शहाणपणाचे आहे.