चित्रांकित गिटारीचा जीर्णोद्धार

गिब्सन कंपनीने १९६४ साली घडविलेल्या, एरिक क्लॅप्टनने 'क्रीम' या त्रिकुटात वाजविलेल्या एस.जी. गिटारीवर सायमन पोस्तुमा आणि मारायके कोगर या डच चित्रकारद्वयाने १९६७ साली, तारकाखचित निळाईत, हाती त्रिकोणवाद्य घेतलेली, कुरळ्या केसांची सपक्ष आकृती रेखाटली. रंग गिटारीच्या मानेच्या पाठीवरही चढविलेला होता. वादकाचा तळवा जिथे अखंड फिरतो, तिथे तो टिकणार तरी कसा? पोपडे सुटू लागले. पुढे ती गिटार संगीतकार टॉड रुंडग्रेनच्या ताब्यात आली, तेव्हा त्याने झिजलेल्या रंगाची डागडुजी करवून, वर पारदर्शक रोगणाचा थर देवविला आणि मानेच्या शिरोभागाचे जीर्ण लाकूड बदलून घेतले. मूळ रंगास हात लावणे काही जाणकारांस नामंजूर असते. तथापि जे वाद्य वाजतेच ठेवावयाचे, त्याच्या बाबतीत हाच मार्ग मला सर्वस्वी उचित वाटतो.

असे काम हाती घेणाऱ्यांनी एवढी खबरदारी अवश्य घ्यावी, की नायट्रोसेल्युलोज रोगणातील द्रावकाने जुना तैलरंग सुरकुततो, यास्तव रोगणाची परीक्षा प्रथम एखाद्या दृष्टीआडच्या रंगीत कोपऱ्यात करावी, आणि मगच विरळ थर, प्रत्येक पूर्ण वाळू देऊन, चढवावेत.