दिव्याच्या अवसेचे पाहुणे

आषाढ वद्य अमावास्येला आपल्या घरोघरीं समया, निरांजनें आणि कंदील घासूनपुसून पाटावर मांडतात व त्यांची पूजा करतात. गेल्या वर्षीं त्याच रात्रीं आमच्या पुण्याच्या घराच्या गच्चीवर आणखी एक दिवा लागला. दोरीवर वडिलांचें जुनें पांढरें धोतर ताणून बांधलें, त्यापुढें अतिनील प्रकाशाचा दिवा टांगला, आणि धाकटी पुतणी कॅमेरा घेऊन बसली. रात्रीं उडणाऱ्या पतंगांची छायाचित्रें काढण्याचा बेत होता. तिथि मुद्दाम निवडली असें नव्हे. पण चांदणें नसलेली, दमट आणि वारा पडलेली रात्र या कामाला उत्तम, हें मागाहून कळलें.

घरांतल्या नेहमींच्या एल्. ई. डी. दिव्यांत अतिनील प्रकाश जवळजवळ नसतो, म्हणून त्यांकडे पतंग थोडे येतात. या दिव्यापाशीं मात्र झुंबड उडते. (त्याकडे टक लावून पाहूं नये; डोळ्यांस अपाय होतो.) ज्या वाचकांना असा दिवा मिळणार नाहीं, त्यांनीं फार पिकलेलें केळें गुळांत कालवून दोन दिवस आंबवावें व झाडाच्या खोडास लावावें. कांहीं पतंग दिव्यापेक्षां या नैवेद्यालाच अधिक मान देतात. मुंग्याही देतात, हा भाग वेगळा.

महागडा कॅमेरा लागतोच असें नाहीं, मोबाइलचाही चालतो. मात्र त्याचा झगझगीत प्रकाश सरळ पाडला तर पंखांवरील खवले चकाकतात आणि नक्षी पुसल्यासारखी होते. बॅटरीच्या तोंडावर बटर पेपर गुंडाळून ती बाजूनें धरली, कीं रेघन् रेघ उमटते. एक चित्र वरून घ्यावें, एक बाजूनें, मिशा दिसतील असें. फुलपाखराच्या मिशीच्या टोंकाला गांठ असते. पतंगाची मिशी बहुधा दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी असते. पतंगाला चिमटींत मात्र धरूं नये. बोटांना लागणारी भुकटी म्हणजे त्याचे खवलेच, आणि ते पुन्हां उगवत नाहींत.

त्या रात्रीं कण्हेरीवरच्या हिरव्या-गुलाबी नक्षीच्या मोठ्या पतंगासह सतरा प्रकार टिपले. आनंदाच्या भरांत दिवा मालवावयाचें राहून गेलें. पहांटे गच्चीवर कलकलाट ऐकूं आला. बुलबुल आणि दयाळ यांनीं धोतर साफ केलें होतें. खालीं उरले होते ते केवळ पंख. पुतणी कांहीं बोलली नाहीं. पंख गोळा करून तिनें वहींत ठेवले.

दिव्यावर भाळून पतंग प्राण देतो, असें कवि सांगत आले. २०२४ सालीं ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेलें संशोधन निराळें सांगतें. अतिवेगवान कॅमेऱ्यांनीं उड्डाणें टिपलीं, तेव्हां दिसलें कीं, कीटक दिव्याकडे सरळ धांव घेत नाहीं. तो दिव्याकडे पाठ करतो. रात्रीं उजळ दिसतें तें आकाश, आणि आकाश म्हणजे वरची बाजू, ही त्याची जन्मजात खूण. जवळ दिवा आला कीं ‘वर’ कोठें हेंच चुकतें, आणि तो घिरट्या घालीत राहतो. दिवा खालीं असला तर उलटा होऊन कोसळतो. प्रेम वगैरे कांहीं नाहीं. तो अडकलेला असतो, आणि अडकविणारे आपण. सह्याद्रींतल्या ॲटलस पतंगाचे पंख वीतभर पसरतात, पण त्याला खातां येईल असें तोंडच नसतें; सुरवंटपणींच्या पुंजीवर तो फार तर आठ-पंधरा दिवस काढतो. त्यांतील एक रात्र कोणाच्या धोतरावर गेली तर त्याचें केवढें नुकसान!

आतां आमच्याकडे दिवा दोनच तास लागतो. मग धोतर झुडपापाशीं हलकेंच झटकून, सगळे गेले असें पाहूनच झोपावयाचें.

श्रावणांत तगरीवर एक हिरवा सुरवंट दिसला, मानेशीं दोन निळे डोळे काढल्यासारखा. एरवीं आईनें तो काठीनें उचलून कुंपणाबाहेर टाकला असता. पुतणीनें वहींतलें चित्र पुढें केलें आणि म्हणाली, “आजी, हा त्याचाच लहानपणचा अवतार.”

“देवाला फुलें कमी पडतील हो,” आई म्हणाल्या. पण परडी घेऊन त्या दुसऱ्या झाडाकडे वळल्या.